वाट शोधणारे यंत्र

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाला आपल्यापैकीच कोणी दोन शब्द बोलावे, अशी आपली रीत आहे. आजवर लोणची-मुरंबे झाले, मुलांचे संगोपन झाले, बचत झाली, पंढरीची वारीही झाली. यंदा मी जो विषय मागून घेतला तो जरा निराळा आहे. आपले आपण वाट शोधणारे आणि वाटेत काही आडवे आले तर ते चुकवून पुढे जाणारे यंत्र, त्याला यंत्रमानव म्हणा की रोबो म्हणा, हे काम कसे करते, हा तो विषय. मी शिकले सातवीपर्यंत. तेव्हा ही बाई हे काय सांगणार, असे काहींच्या चेहऱ्यांवर मला येथूनच दिसते आहे! परंतु हिंजवडीत राहून हा विषय दूर ठेवता येईल, असे आता राहिलेले नाही. आपल्या शिवारात राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभे राहिले आणि जगातल्या यंत्रांच्या डोक्यात घालावयाची अक्कल आपल्या घरापासून हाकेच्या अंतरावर लिहिली जाऊ लागली. ती कोणत्या जातीची अक्कल आहे, हे आपणही पाहिले पाहिजे.

विषय निवडण्याचे खरे कारण आणखी एक आहे. आपल्या मंडळातील काही भगिनी सोसायट्यांमध्ये घरकामाला जातात. त्यांपैकी एकीने मला हळदीकुंकवाच्या दिवशी विचारले, "ताई, आमच्या बाईंनी जमिनीवर फिरणारे केर काढायचे यंत्र आणले आणि माझ्या पगारातले केरफरशीचे पैसे कापले. उद्या हे यंत्र भांडीही घासायला लागले, तर आम्ही जायचे कोठे?" या प्रश्नाला 'घाबरू नकोस गं' एवढे उत्तर पुरे नाही. ते यंत्र काय करू शकते आणि काय करू शकत नाही, हे कळल्याशिवाय कोणालाच खरे उत्तर देता यायचे नाही. म्हणून मी आमच्या खोल्यांत भाड्याने राहणाऱ्या इंजिनियर मुलींना विचारून घेतले, वर्तमानपत्रांतली कात्रणे जमविली, आणि एका ओळखीच्या घरी जाऊन ते यंत्र तासभर नुसते पाहत बसले. त्यातून जे समजले ते आपल्यापुढे ठेवते.

वाट शोधणाऱ्या कोणत्याही यंत्राला, मग ते घरातले केर काढणारे असो की चंद्रावर फिरणारे, तीन प्रश्न सोडवावे लागतात. मी कोठे आहे? समोर काय आहे? आणि जायचे कोणत्या वाटेने? आपल्याला हे प्रश्न पडतसुद्धा नाहीत. रांगते मूल खाटेखालून, पाटाला वळसा घालून नेमके डब्यापाशी पोचते. शास्त्रज्ञांना मात्र एवढ्यासाठी सत्तर वर्षे झटावे लागले आहे.

1948-49 च्या सुमारास इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरी ग्रे वॉल्टर नावाच्या शास्त्रज्ञाने दोन यंत्रकासवे केली. ती उजेडाच्या दिशेने चालत. कशाला धडकली की बाजूला वळत आणि पुन्हा चालू लागत. बॅटरी उतरली म्हणजे आपल्या खुराड्याकडे परतत. आज घराघरांत फिरणारे केराचे यंत्र हे त्या कासवाचे नातवंडच होय. पुढे 1966 ते 1972 या काळात अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एक यंत्रमानव तयार झाला. तो चालताना थरथरत असे, म्हणून त्याचे नाव 'शेकी', म्हणजे आपल्याकडचा थरथऱ्या, असे पडले. खोलीत मांडलेल्या ठोकळ्यांमधून कसे जावे, याचा विचार करून मग चालणारा तो पहिला यंत्रमानव समजतात. 1979 साली हान्स मोराव्हेक यांच्या गाडीने खुर्च्या मांडलेली एक खोली कोणाच्याही मदतीशिवाय ओलांडली. त्याला लागले सुमारे पाच तास! एक मीटर जावे आणि दहा-पंधरा मिनिटे विचार करीत उभे राहावे, अशी तिची चाल होती. आपल्या मुलाला दुकानातून साखर आणायला पाच तास लागले, तर आपण काय म्हणू ते सांगायला नको. पण हसू नका. अवघड काय आणि सोपे काय, याचा आपला हिशेब तेथे उलटा होतो. बुद्धिबळाचा डाव यंत्राला लवकर साधला. खुर्ची चुकविणे साधायला फार वेळ लागला.

आता पहिला प्रश्न: मी कोठे आहे? नव्या सुनेचे उदाहरण घ्या. सासरी पहिल्याच रात्री वीज गेली. स्वयंपाकघर कोठे, माजघर कोठे, तिला ठाऊक नाही. ती भिंतीला हात लावीत निघते. येथे खांब लागला, येथे माठाचा गारवा लागला, येथून उंबरठा. घराचा नकाशा तिच्या मनात तयार होत जातो आणि त्याच नकाशावरून आपण कोठे उभ्या आहोत, हेही तिला उमगत जाते. नकाशा हवा तर जागा कळायला हवी आणि जागा कळायची तर नकाशा हवा, असा हा पेच आहे. यंत्रही दोन्ही गोष्टी बरोबरच करीत जाते. चाके किती फिरली यावरून आपण किती आलो हे ते मोजते. पण ओल्या फरशीवर चाक घसरले की हिशेब चुकतो, आणि अशा लहान लहान चुका साठत जातात. म्हणून ओळखीची खूण पुन्हा आढळली, सुनेच्या हाताला तोच गार माठ पुन्हा लागला म्हणा, की ते मागची चूक दुरुस्त करून घेते. इंजिनियर मुली या युक्तीला 'स्लॅम' म्हणतात. नाव विसरले तरी चालेल, माठ लक्षात ठेवा.

दुसरा प्रश्न: समोर काय आहे? यासाठी यंत्राला निरनिराळी इंद्रिये दिलेली असतात. साध्या यंत्राच्या पुढच्या कडेला एक कळ असते. धडक बसली की ती दाबली जाते आणि यंत्र वळते. पोटाखाली न दिसणाऱ्या किरणांचे डोळे असतात. खालची जमीन एकाएकी नाहीशी झाली तर पुढे जिना आहे असे समजून ते थांबते. महाग यंत्राच्या डोक्यावर एक फिरती डबी असते. ती प्रकाशाचा बारीक किरण चारी बाजूंना सोडते आणि परतलेल्या किरणावरून भिंत किती दूर आहे ते काढते. काही यंत्रांत कॅमेरा असतो. मोटार मागे घेताना टीं-टीं वाजते तो आवाजाचा डोळा. आवाज सोडायचा आणि परत आलेला ऐकायचा, ही विद्या वटवाघळाजवळ केव्हापासूनची आहे.

पण प्रत्येक इंद्रिय कोठे ना कोठे फसते. किरण काचेतून आरपार जातो, म्हणून काचेचे दार यंत्राला दिसत नाही. आरशात त्याला आणखी एक खोली दिसते. काळी सतरंजी किरण शोषून घेते, तेव्हा तिला ते खोल खड्डा समजून काठावरच अडून बसते. म्हणून यंत्र 'येथे भिंत आहे' असे ठामपणे न म्हणता सगळी जमीन सोंगट्यांच्या पटासारख्या लहान लहान घरांत वाटते आणि प्रत्येक घरापुढे 'बहुधा रिकामे', 'बहुधा भरलेले' असे लिहून ठेवते. पुन्हा पाहिले की 'बहुधा' जरा पक्के होते. एका नजरेत निकाल देऊ नये, हा धडा आपणही यंत्राकडून घ्यावा असा आहे.

तिसरा प्रश्न वाटेचा. डाइक्स्ट्रा नावाच्या हॉलंडच्या गणितज्ञाने सर्वांत जवळची वाट काढण्याची रीत 1956 साली शोधली आणि 1959 साली ती प्रसिद्ध केली. समजा, आपल्याला हिंजवडीहून वाकडला जायचे आहे. डाइक्स्ट्राची रीत सर्व बाजूंनी सारखीच पसरते. ती माणकडे पाहील, मारुंजीकडे पाहील, वाकडकडेही पाहील, आणि मग सर्वांत जवळची वाट सांगेल. उत्तर चुकत नाही, पण श्रम फार. शेकीवर काम करणाऱ्या तिघा जणांनी 1968 साली तीत एक सुधारणा केली. प्रत्येक पावलाला 'येथून पुढे अंदाजे किती उरले?' हेही विचारायचे. वाकड पूर्वेला असताना माणच्या रस्त्याला उगाच कशाला लागायचे? एवढ्या एका अंदाजाने फुकटचा फेरा वाचतो. मोबाईलवरचे नकाशे वाट दाखवितात त्यांच्या मुळाशी हीच घराणी आहेत.

केर काढणाऱ्याला तर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाऊन भागत नाही. सगळी जमीन झाकली गेली पाहिजे. त्याची उत्तम रीत म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ जावे, वळावे, शेजारच्या पट्ट्याने परत यावे. शास्त्रज्ञांनी या चालीला एक ग्रीक शब्द दिला आहे. त्याचा अर्थ विचारला, तर 'बैल वळतात तसे'! म्हणजे नांगरट. आपल्या वाडवडिलांनी ज्या जमिनीत तास घातले, त्याच जमिनीवरच्या बाराव्या मजल्यावर आज यंत्र तास घालीत आहे. मला ते पाहताना हसूही आले आणि मन थोडे भरूनही आले.

वाट ठरली तरी वाटेत अकस्मात काही येतेच. त्यासाठी उसामा खातिब यांनी 1986 साली एक सुटसुटीत कल्पना मांडली. जायचे ठिकाण यंत्राला ओढते आणि अडथळा त्याला ढकलतो, असे समजायचे. ओढ आणि ढकल यांची वजाबाकी होईल तिकडे चालायचे. युक्ती चांगली आहे, पण तीत एक खोडा आहे. कुंपणापलीकडे दाणे दिसले की कोंबडी कुंपणालाच टकरा देत राहते. दाणे ओढतात, कुंपण ढकलते आणि ती तेथेच अडकते. गाय मात्र दाण्यांकडे पाठ करून आधी फाटकाकडे जाते. यंत्राला कोंबडीची चपळाई हवी आणि गाईचा पोक्तपणाही हवा. त्याच साली रॉडनी ब्रुक्स यांनी सांगितले की यंत्राच्या अकलेचे थर करा. तव्याला बोट लागले की हात आधी मागे येतो, 'भाजले' हे मागून कळते. तसा सर्वांत खालचा थर विचार न करता चुकविण्याचा असावा आणि वाटेचा विचार वरच्या थराने करावा. आजची बहुतेक यंत्रे या दोन्ही रीतींची सांगड घालून चालतात.

येथवर यंत्राचे कौतुक झाले. आता आपल्या कामाची गोष्ट. अडथळा आहे हे कळणे निराळे आणि तो काय आहे हे कळणे निराळे. रस्ता ओलांडताना आपण टँकर आत्ता कोठे आहे एवढेच पाहत नाही. आपण मध्यावर पोचू तेव्हा तो कोठे असेल, हे पाहतो. दगड जागचा हलणार नाही, म्हैस आपल्या चालीने जाईल, कुत्रे वळेल, आणि चेंडूमागे धावणारे मूल मागे फिरेल की पुढे येईल याचा नेम नाही. म्हणजे समोर कोण आहे हे ओळखले तरच ते पुढे काय करील, याचा अंदाज बांधता येतो. यासाठी यंत्राला हजारो, लाखो चित्रे दाखवून शिकवावे लागते: ही रिक्षा, ही गाय, हा माणूस. जे चित्रांत दाखविले ते यंत्र चांगले ओळखते. जे दाखविलेच नाही, त्यापुढे ते गोंधळते. सगळ्याचे सार मला यातच दिसते. यंत्राच्या हिशेबात जे धरले असेल, तेच ते नीट चुकविते.

याची एक कडू गोष्ट आहे. 18 मार्च 2018 च्या रात्री अमेरिकेत ॲरिझोना राज्यातील टेम्पी गावी एक बाई सायकल हाताने ढकलीत रस्ता ओलांडीत होती. आपले आपण चालणाऱ्या एका मोटारीची तेव्हा चाचणी चालली होती. मोटारीच्या इंद्रियांना ती बाई धडकेच्या 5.6 सेकंद आधी दिसली होती. दिसली, पण ओळखता आली नाही. यंत्राने तिला घडीत मोटार म्हटले, घडीत अनोळखी वस्तू, घडीत सायकल. दर वेळी नाव बदलले की तिची मागची चाल पुसून हिशेब नव्याने सुरू होई, म्हणून ती कोठे निघाली आहे हे त्याला शेवटपर्यंत कळले नाही. देखरेखीसाठी बसविलेल्या चालक बाईचे लक्ष मोबाईलवर होते. ती पादचारी बाई मृत्यू पावली. चौकशीत असे आढळले की रस्ता ओलांडण्याच्या नेमून दिलेल्या पट्ट्यांखेरीज दुसऱ्या ठिकाणीही माणूस असू शकतो, हे त्या यंत्राच्या हिशेबातच नव्हते.

भगिनींनो, हे ऐकून मला आपला रस्ता आठवला. येथे नेमून दिलेल्या पट्ट्यावरून रस्ता ओलांडणाऱ्या आपण कितीजणी? पट्टे आहेत कोठे? कामाला जाणाऱ्या बाया मेट्रोच्या खांबांमधून, गाड्यांच्या रांगांतून, एका हाताने पदर आणि दुसऱ्या हाताने मूल सावरीत पलीकडे जातात. म्हातोबाच्या यात्रेत बगाडाची मिरवणूक निघते तेव्हा बैल, गाडा आणि हजारो माणसे एकमेकांना सांभाळून एकाच रस्त्याने जातात. कोणत्या पुस्तकात ही चाल लिहिलेली आहे? आणि याच हिंजवडीत, तिसऱ्या टप्प्यात, मोटारींसाठी आज्ञावली लिहिणाऱ्या केपीआयटी या पुण्याच्या कंपनीचे मुख्य कार्यालय आहे. मोटारीने चालकाला साहाय्य करावे, पुढे आपले आपण चालावे, यासाठीचे काम तेथे देशोदेशींच्या मोटारींकरिता चालते. म्हणजे जगातल्या मोटारींना अडथळे ओळखायला शिकविणारी मुले दोन-दोन तास आपल्याच रस्त्यावर अडकून पडतात! या मुलांनी गाडीच्या काचेबाहेर पाहावे, त्यांच्या धड्यांची पुस्तके तेथे उघडीच आहेत, असे मला म्हणावेसे वाटते.

आपल्या रस्त्यांचा हिशेब कोणी मांडलाच नाही, असे मात्र नाही. हैदराबादच्या ट्रिपल आयटी संस्थेने पुढाकार घेऊन हैदराबाद, बंगळूर आणि आसपासच्या रस्त्यांवरील दहा हजारांवर चित्रे जमविली आणि 2018 साली ती संशोधनासाठी खुली केली. त्यांत रिक्षा आहे, जनावरे आहेत, कडेला डांबर नसलेला मातीचा रस्ता आहे. परदेशातल्या रेखीव रस्त्यांवर शिकलेले यंत्र या चित्रांपुढे अडखळते, हेही त्यांनी दाखवून दिले.

कधी कधी यंत्राच्या अकलेवर सोडून न देता माणूस दुरून डोळे पुरवितो. आपल्या पुण्याजवळ दिघी येथे संरक्षण खात्याची संशोधन संस्था आहे. तेथे 'दक्ष' नावाचा यंत्रमानव घडविला गेला आणि 2011 साली तो लष्कराकडे सुपूर्द झाला. तो जिने चढतो आणि बाँब उचलतो. जवान पाचशे मीटरपर्यंत दूर राहून त्याला चालवितो. बाँबपुढे माणसाचा जीव जाऊ नये म्हणून यंत्र पुढे आणि माणूस मागे. चंद्रावर 2023 साली उतरलेल्या आपल्या 'प्रज्ञान'चेही बरेचसे तसेच होते. 26 किलो वजनाची ती सहा चाकांची गाडी सेकंदाला एक सेंटिमीटर चाले. 27 ऑगस्ट रोजी तिच्यापुढे तीन मीटरवर चार मीटर रुंदीचा खड्डा आला. तिच्या दोन कॅमेऱ्यांची चित्रे पाहून येथून हुकूम गेला, ती माघारी वळली आणि दुसऱ्या वाटेने सुखरूप पुढे गेली. वाट बदलण्यात कमीपणा नसतो, हे त्या गाडीने सगळ्या देशाला दाखविले. मंगळ मात्र इतका दूर आहे की निरोप पोचायलाच कित्येक मिनिटे जातात. म्हणून अमेरिकेची 'पर्सिव्हिअरन्स' गाडी 2021 पासून तेथे पुष्कळसा प्रवास आपल्याच अकलेने करीत आली आहे. तात्पर्य, कोठे यंत्रावर सोडायचे आणि कोठे माणसाने लक्ष ठेवायचे, हे काम पाहून ठरवावे लागते.

आता घरकाम करणाऱ्या भगिनीच्या प्रश्नाकडे येते. त्या ओळखीच्या घरी मी तासभर काय पाहिले, ते सांगते. यंत्र येण्यापूर्वी कामाच्या बाईने खुर्च्या टेबलावर चढविल्या, मुलांची खेळणी उचलली, चार्जरच्या वायरी गुंडाळल्या, पायपुसणी काढली. मग यंत्राने केर काढला, आणि तो चांगला काढला, खोटे कशाला बोलू? पण न्हाणीघराचा उंच उंबरठा त्याला चढला नाही. गालिच्याच्या झालरीत ते अडकले आणि बाईने सोडविले. दारातल्या रांगोळीवरून ते बेधडक गेले, कारण रांगोळीला उंची नाही आणि उंची नाही ते त्याच्या लेखी अडथळा नाही. जमिनीवर पडलेला कानातला डूल आणि भाताचे शीत यांत त्याने काहीच भेद केला नाही. शेवटी त्याच्या पोटातला केर बाईनेच काढला, चाकांत गुंतलेले केस ओढले. यंत्राला वाट मोकळी करून देणे हे नवे काम निर्माण झाले आहे आणि त्याचा पैसा कोणीच धरलेला नाही. पैसे कापणाऱ्या बाईंनी केराचा हिशेब केला, पण उचला-उचलीचा केला नाही. टेम्पीच्या त्या मोटारीसारखेच हे झाले. जे हिशेबात धरले नाही, ते दिसले नाही.

यंत्राने काम अजिबात कमी होणार नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. गिरणी आली तेव्हा जाते थांबले, आणि त्याचे दुःख फारसे कोणाला झाले नाही. वाकून केर काढणाऱ्या बाईची कंबर वाचली तर ते चांगलेच. प्रश्न वाचलेल्या श्रमाचा लाभ कोणाला, एवढाच आहे. भांडी घासणे, कपडे घड्या घालणे, आजारी माणसाचे करणे, ही कामे केराहून फार अवघड आहेत. चुकवून जाणे यंत्राला जमले. हातात घेणे अजून तितके जमलेले नाही. काचेचा पेला आणि पितळेचा तांब्या किती जोराने धरावा, हे आपल्या बोटांना कळते.

एक सावधगिरीची सूचनाही देते. ज्या यंत्राला कॅमेरा आहे ते घरातली चित्रे घेऊ शकते. 2022 साली अमेरिकेतील एका नियतकालिकाने उघडकीस आणले की चाचणीसाठी लोकांच्या घरी ठेवलेल्या केराच्या यंत्रांनी घेतलेली चित्रे, त्यांत शौचकुपावर बसलेल्या एका स्त्रीचेही चित्र होते, ती चित्रांवर नावे लिहिण्याचे काम करणाऱ्यांच्या हातून बाहेर पसरली. तेव्हा यंत्र घेणाऱ्या भगिनींनी त्याला डोळा आहे का आणि तो जे पाहतो ते कोठे जाते, हे आधी विचारावे. न्हाणीघराचे दार त्याच्या वेळी बंद ठेवावे. घरात काम करणाऱ्या बाईलाही तसे सांगावे, कारण तिचेही चित्र त्यात येऊ शकते.

शेवटी मंडळापुढे तीन गोष्टी ठेवते आणि बसते.

पहिली गोष्ट, आपल्यापैकी ज्यांच्या घरी असे यंत्र आहे किंवा येणार आहे, त्यांनी बाईचे पैसे कापण्यापूर्वी तिच्याबरोबर बसून नव्या कामाची यादी करावी. यंत्राआधी काय, यंत्रानंतर काय, सगळे लिहावे. मग काय ते दोघींनी ठरवावे. मंडळाने यासाठी एक साधा कागद छापून द्यावा.

दुसरी, आपल्या मुलींना हा विषय दूरचा वाटू देऊ नये. यंत्राला चित्रे दाखवून शिकविण्यापूर्वी प्रत्येक चित्रावर 'ही गाय, हा माणूस' अशा खुणा माणसांना कराव्या लागतात. कोलकात्याच्या मेटियाब्रुझ भागात कितीतरी स्त्रिया हे काम शिकल्या. आपल्याकडे संगणक आहेत, शिकविणाऱ्या मुली आमच्याच खोल्यांत राहतात आणि रविवारी दोन तास द्यायला त्यांपैकी दोघी तयार आहेत. मंडळाच्या खोलीत हा वर्ग सुरू व्हावा. खुणा करण्यापासून सुरुवात करणारी आपली एखादी लेक पुढे आज्ञावली लिहील. डोक्यावर हारा घेतलेली बाई, उसाची बैलगाडी, दारातली रांगोळी, ही तिने लहानपणापासून पाहिलेली आहेत. ती त्यांना हिशेबात धरायला विसरणार नाही.

तिसरी, रस्त्याची. यंत्राच्या मोटारी येतील तेव्हा येतील. आजच्या माणसाने चालविलेल्या मोटारींनाही आपण दिसलो पाहिजे. शाळेपाशी आणि बाजाराच्या वळणावर ओलांडण्याचे पट्टे, चालण्यापुरती कडेची जागा आणि रात्रीचे दिवे, एवढ्या मागणीचा अर्ज मी लिहून आणला आहे. सभा संपल्यावर तो दाराजवळच्या टेबलावर राहील. सर्वांनी सह्या कराव्यात. सही येत नसेल त्या मावशींनी अंगठा करावा, त्याचेही वजन तेवढेच आहे.